मार्थाच्या घरात कोणी राहत नाही

३ मार्च, सोमवार

...आधण ठेवलं, शाल गुंडाळली, बूट चढवले आणि बाहेर आले. आधी आमच्या तीन पायऱ्यांवरचा बर्फ काढला, मग शेजारी मार्थाच्या चार पायऱ्यांवरचा. तिच्या दारात टाकलेल्या पिझ्झाच्या जाहिराती उचलल्या. कठड्यावरचा सोलर दिवा पदराने पुसला, म्हणजे संध्याकाळी लागेल. मग रांगोळीचा डबा आणला. आमच्या दारात नेहमीची चार ठिपक्यांची, तिच्या दारात कमळ. तिला कमळ आवडायचं. आत आले तर आधण निम्मं आटलेलं. परत पाणी घातलं.

एवढंच केलं होतं गुरुवारी. मार्था गेल्याला तीन वर्षं झाली, तीन वर्षं रोज हेच करते. पण गुरुवारी मी तिच्या पायरीवर वाकलेली असताना एक पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली.

"गुड मॉर्निंग मॅम! तुम्ही इथे राहता?"

"नाही, त्या घरात."

"मग इथे कोण राहतं?"

"कोणी नाही. मार्था वारली."

बाई गाडीतून उतरलीच. पन्नाशीची, गळ्यात कार्ड, हातात टॅबलेट. नाव अँजेला. कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, लँड बँकेची. मला वाटलं कर्ज देणारी बँक, म्हणून म्हटलं, "आम्हाला काही नको." ती हसली. म्हणाली, आम्ही पैसे नाही, घरं ठेवतो. ज्यांना कोणी वाली नाही, टॅक्स भरला जात नाही, मोडकळीला आलीत, अशी. ताब्यात घेतो, कागद साफ करतो, मग दुरुस्त करणाऱ्याला देतो, नाहीतर पाडून जागा शेजाऱ्याला.

मग तिने टॅबलेटवर फोटो दाखवला. मार्थाची पायरी. त्यावर माझं कमळ. तारीख दोन वर्षांपूर्वीची. आणखी एक, गेल्या वर्षीचा. त्यातही कमळ, शिवाय दिवा लागलेला.

"आमची माणसं गाडीतून बघत जातात. पायऱ्या स्वच्छ, दारात कागद नाहीत, दिवा लागलेला, रोज नवं चित्र. दोन्ही वेळा त्यांनी लिहिलं, इथे लोक राहतात."

हातात चिमटीत रांगोळी तशीच.


५ मार्च, बुधवार

अँजेलाने दिलेली पुस्तिका तीनदा वाचली. पेन्सिलीने खुणा केल्या. मी नववी शिकलेली, इंग्रजी वाचायला शिकले मार्थाच्या व्हरांड्यात, तिच्या बियाण्यांच्या कॅटलॉगमधून. टोमॅटोच्या चोवीस जाती मला येतात, पण "टायटल" म्हणजे घराच्या मालकीचा कागद हे आज कळलं.

कळलं ते असं. घर रिकामं असेल तर जवळची वाट. कौंटी थोडक्या महिन्यांत लँड बँकेच्या, म्हणजे लँ.बँ.च्या, हवाली करते. माणूस राहत असेल तर लांबची वाट, कोर्टाची. त्याला घराबाहेर काढायचं नाही, संधी द्यायची. बरोबरच आहे ते. माझी तक्रार नाही.

पण मार्थाचं घर लांबच्या वाटेवर लागलं, ते माझ्यामुळे. तिचा एक पुतण्या कुठे पश्चिमेला आहे, तो पत्रांना उत्तर देत नाही. तोवर दोन हिवाळे गेले. मागच्या छपराचे शिंगल्स, त्या डांबरी पट्ट्या, उडालेले मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होते. मला वाटायचं, आपण घर जपतोय.


९ मार्च, रविवार

फ्रिस्कोहून नितीनचा फोन. सगळं सांगितलं. पोटभर हसला.

"म्हणजे आई, तू भुताला घर देऊन बसलीस! तेही सर्व्हेमध्ये रजिस्टर करून!"

"हसू नकोस रे. घर सडलं माझ्यामुळे."

"अगं, तुझ्यामुळे नाही. सिस्टीमने गाडीतून उतरून बेल वाजवायला नको का? चिल कर."

मागून ईशा, "आजी, दॅट्स सो यू!"

त्यांना कसं सांगू. आमच्या गावी, मिरजेच्या अलीकडे, शेजारचे परगावी गेले की आई त्यांच्याही दारात सडा टाकायची, उंबऱ्यावर दोन बोटं रांगोळी ओढायची. म्हणायची, दार उजाड दिसलं की आधी चोर येतो, चोर नाही आला तर अवदसा येते. मला वाटायचं हे जगात सगळीकडे खरं असणार. इथे अवदसा टॅबलेट घेऊन येते आणि ती चांगली बाई निघते!

आणि मार्थाचं माझ्यावरचं ऋण. हे गेले तेव्हा आमचा नि. आठ दिवस राहून गेला, नोकरी होती. मार्था रोज सकाळी सूप घेऊन यायची. बोलायची नाही फार. भांडं ठेवायची, खुर्चीत बसायची, तासाभराने जायची. मी मोजले नव्हते, पण चौदाव्या दिवशी ती आली नाही. तेरा दिवस झाले होते. तिला कोणी सांगितलं नव्हतं.


१२ मार्च, बुधवार

आज अँजेलाच्या ऑफिसात. एक निवेदन लिहून द्यायचं होतं, नोटरीसमोर. तिने टाइप करून ठेवलं होतं, मी म्हटलं मी हाताने लिहीन.

पहिलं वाक्य: या घरात कोणी राहत नाही.

लिहिताना हात थांबला. मार्थाच्या अंत्यसंस्काराला गेले होते, माती पाहिली होती. तरी हे वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं, म्हटलंही नव्हतं. रोज सकाळी कमळ काढताना मनात तिच्याशी एखादं वाक्य बोलायचे, आज गारठा आहे, आज तुझ्या मेपलवर लाल कार्डिनल पक्षी आलाय. ते आता...

अँजेलाने टिश्यूचा डबा सरकवला. घाई केली नाही. मी पुढचं लिहिलं: पायऱ्या, दिवा आणि चित्रं मी करत होते. सही. नोटरीबाईने शिक्का मारला आणि म्हणाली, "हनी, माझ्या नोकरीत लोक घर रिकामं आहे हे लपवायला खोटं बोलतात. रांगोळीबद्दल सही करणारी तूच पहिली." (तिने रांगोळी नाही म्हटलं, "चॉक फ्लॉवर" म्हटलं.)

निघताना अँजेला थोडी अवघडून म्हणाली, "मिसेस शोभा, एक विनंती. निर्णय होईपर्यंत त्या घराचं काही करू नका. झाडू नका, उचलू नका. दिवा काढून घ्या."

दिवा घरी आणला. आमच्या खिडकीत ठेवलाय.


३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. साडी यांना आवडायची ती हिरवी. कडुलिंब नाही मिळाला, नि.ने पाठवलेली पावडर जिभेला लावली. श्रीखंड एकटीपुरतं.

शेजारच्या दारात काही नाही. पाच जाहिराती पडल्यात. हात शिवशिवतात.


२२ एप्रिल, मंगळवार

गवत गुडघ्याला आलं. गवत कापा म्हणून शहराचा नारिंगी कागद दाराला चिकटवलाय. कोपऱ्यावरचे मिस्टर डॉनल्ड कुत्रा फिरवताना म्हणाले, "काय झालं? मार्थाचं घर एकदम मेल्यासारखं दिसायला लागलं." मी म्हटलं, मेलंच होतं, मीच जिवंत दाखवत होते. त्यांना कळलं नाही. कुत्र्याने माझ्या बुटाचा वास घेतला आणि दोघे गेले.


२६ जून, गुरुवार

झालं. अँजेलाचा फोन. कौंटीच्या मंडळाने घर रिकामं मानलं, मुदत संपली, पुतण्याने शेवटपर्यंत काही कळवलं नाही. मार्थाचं घर लँ.बँ.चं झालं. तिने मुद्दाम फोन करून कळवलं, कळवायची गरज नव्हती. अशी माणसं भेटतात हे माझं नशीब.

म्हणाली, बुधवारी इन्स्पेक्टर येईल, तुम्हाला आत यायचं असेल तर या.


२ जुलै, बुधवार

आत गेले. पायात त्यांनी दिलेले जाड बूट, डोक्यावर हेल्मेट. यांनी पाहिलं असतं तर आठवडाभर चिडवलं असतं.

पुढची खोली होती तशीच. खिडकीखालचं बाक, भिंतीवर घड्याळाची गोल खूण. स्वयंपाकघर ठीक. मागची झोपायची खोली... छत पलंगावर आलेलं. गादीवर शेवाळ. जमीन पाय टाकला की दबते. मी दारातच उभी राहिले.

इन्स्पेक्टर म्हातारा आहे, नाव बिल, बोलतो कमी. तळघरात जाऊन आला, भिंतींवर हातोडी मारली, हुंकार दिला. म्हणाला, "पाया पक्का आहे. पुढचं छप्पर पक्कं. मागचं गेलं. दोन वर्षांपूर्वी डांबराची एक बादली पुरली असती."

अँजेलाने त्याच्याकडे डोळे मोठे केले. त्याला माहीत नव्हतं कमळवाली ती मीच. नंतर कळल्यावर बिचारा बाहेर पायरीवर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅम, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे बादलीही नव्हती." खोटं बोलला असणार. पण माझ्यासाठी बोलला.

आता दोन वाटा. पाडायचं, नाहीतर दुरुस्त करणारा कोणी मिळाला तर त्याला द्यायचं. समिती सप्टेंबरात ठरवेल.


१३ जुलै, रविवार

अँजेलाने एक अर्ज दिलाय, एका पानाचा. घर पाडलं तर मोकळी जागा लागून असलेल्या घरमालकाला आधी मिळते. म्हणजे मला. अट एवढीच की माझ्या घराचे कागद नीट हवेत आणि जागा स्वच्छ ठेवायची.

हे इथे आले ते कारखान्यात साचे बनवायला. एकतीस वर्षं लोखंड. पण रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहून बाहेर बघायचे आणि म्हणायचे, "शोभे, जरा माती असती." आमचं परसू म्हणजे चादर वाळत घातली की संपलं. कुंड्यांत मिरच्या लावायचे, कढीपत्ता हिवाळ्यात आत घ्यायचे, लेकराला घेतात तसा. शेवटच्या उन्हाळ्यात, आजारी असताना, कागदावर एक वाफा काढला होता. कुठला वाफा, कुठे, काही नाही. नुसता काढला. मेथी, भेंडी, कडेला दोडक्याचा मांडव. तो कागद माझ्याकडे आहे.

नि. म्हणतो, "आई, नो ब्रेनर आहे. भर तो फॉर्म. बाबांचं स्वप्न होतं यार."

भरला. खरं लिहायचं तर एका दमात. जेवताना खिडकीतून बघत होते आणि घराच्या जागी भेंडी दिसत होती. मग मार्थाची आठवण आली आणि खिडकीकडे पाठ करून जेवले.


९ ऑगस्ट, शनिवार

एक बाई शेजारच्या घरासमोर फुटपाथच्या कडेवर बसलेली. तासभर. मी पाणी घेऊन गेले. उंच, काळी, डोक्याला पिवळा रुमाल, हातात वही. पस्तिशीची असेल. नाव शॉना. शाळेची बस चालवते, सध्या सुट्टी. लँ.बँ.च्या यादीत हे घर बघितलं म्हणून आलीय.

पाणी पिऊन झाल्यावर आवाज खाली आणून विचारते, "मॅम, तुम्ही शेजारी, खरं सांगा. घरात काही आहे का? बसमधली पोरं म्हणतात, या घरात कोणी नव्हतं तेव्हा पायरीवर आपोआप फुलं उमटायची. रोज नवी."

मी म्हटलं, "ते भूत मी."

तिला आधी कळेना. मग जी हसली! वही पडली हातातून. "दोन वर्षं मी बस या रस्त्याने सावकाश न्यायचे, पोरं खिडकीला नाक लावून बसायची. तुम्हाला माहितेय का, ती भांडायची आज कुठलं फूल म्हणून?"

मला माहीत नव्हतं. कोणी बघत असेल असं वाटलंच नव्हतं कधी.

तिला घर का हवं, तर आईला जिना चढवत नाही, दोघी भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. इथे खालीच झोपायची खोली. तीच जी पडलीय. मेहुणा छपराची कामं करतो, तो मदत करेल. स्वतः सुतारकाम शिकलीय, रात्रशाळेत, आणि व्हिडिओ बघून.

माझ्या अर्जाचं तिला सांगितलं नाही.


२० ऑगस्ट, बुधवार

सांगितलं आज. तिला दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. भेंडीची भाजी दिली डब्यात आणि सांगितलं, घर पाडलं तर जागा मी मागितलीय.

शॉनाने डबा उघडून एक घास खाल्ला. मग, "मिस शोबा, भाजी चांगली आहे म्हणून माफ." डबा मिटताना, "तुमच्या नवऱ्याला माती हवी होती, माझ्या आईला जिना नको आहे. कोणीच वाईट नाही यात, हाच त्रास आहे."

मला ही मुलगी आवडते. आवडते हाच त्रास आहे.


१६ सप्टेंबर, मंगळवार

समितीची बैठक. कौंटीच्या इमारतीत, तिसरा मजला. सात माणसं लांब टेबलामागे. प्रत्येक घराचा फोटो भिंतीवर येतो, बोलणं होतं, मतं घेतात. मार्थाच्या आधी अकरा घरं झाली. मी प्रत्येक नीट ऐकलं. एका घराला आग लागलेली, ते पाडायचं. एका घरात चर्चवाले चार कुटुंबं ठेवणार. एक मोकळी जागा शेजारच्या शाळेला, बागेसाठी. एका म्हाताऱ्याने आपल्या बहिणीचं घर वाचवलं, तो सही करून बाहेर जाताना सगळ्यांशी हात मिळवत गेला, माझ्याशीसुद्धा. मला वाटत होतं सरकारी काम म्हणजे शिक्का. इथे सात माणसं एकेका घराबद्दल, कोण गेलं, कोण येणार, छप्पर किती उरलंय, असं बोलत होती, जसं आमच्याकडे सोयरीक जमवताना बोलतात.

मग मार्थाचं घर. बिलने सांगितलं, पाया पक्का, मागचं छप्पर गेलं, तातडीने झाकलं नाही तर हा हिवाळा शेवटचा. शॉनाने वही उघडून यादी वाचली: मागचं छप्पर कधी, खोली कधी, पाण्याचे नळ कधी. बोट ओळीवर ठेवून वाचली शेवटपर्यंत.

कोणाला बोलायचं आहे का? मी उठले. तीन मिनिटं मिळतात. घरून कागद लिहून नेला होता. वाचलं की, या घरात राहणारी बाई माझी मैत्रीण होती. मी घर जपायला गेले आणि त्यामुळे घर सडलं. ती माझी चूक आहे. घर उभं राहिलं तर मला बरं वाटेल.

टाय लावलेल्या एकाने चष्म्यावरून बघितलं. "मॅम, पण पाडलं तर जागा मिळावी म्हणून अर्जही तुमचाच आहे. तुम्हाला नक्की काय हवंय?"

मी म्हटलं, "दोन्ही."

सगळे हसले. शॉनाही. मी गमतीने म्हटलं नव्हतं.

ठरलं ते असं. घर शॉनाला, पण मालकीचा कागद लँ.बँ.कडेच, काम पुरं होईपर्यंत. एक वर्ष. आणि छप्पर ऑक्टोबरअखेर बंद झालंच पाहिजे, बर्फाच्या आधी. नाही झालं तर घर पाडायच्या यादीत आणि जागा शेजारच्या अर्जदाराला.

शेजारची अर्जदार म्हणजे मी. माझा अर्ज फाइलमध्ये तसाच राहील.


१८ सप्टेंबर, गुरुवार

नि. फोनवर, "परफेक्ट झालं की! तिला चान्स मिळाला, नाहीतर तुला प्लॉट. तू काहीच कॅन्सल करू नकोस हं. विन-विन."

हो म्हटलं. पण झोपाळ्यावर बसून विचार केला तर ते तसं नाही वाटत. शेजारी कोणी धडपडत असताना आपण ती पडण्याची वाट बघत ताट मांडून बसलोय, असं वाटतं. वाट मी बघत नाही. पण ताट मांडलेलं आहे.


४ ऑक्टोबर, शनिवार

शॉना, मेहुणा मार्कस आणि त्याचे दोघे. सकाळपासून मागचं छप्पर उघडतायत. केवढा आवाज. मार्थाच्या घरातून आवाज! सातच्या सुमारास चहा केला, आल्याचा, सगळ्यांना. मार्कसने तीन कप घेतले, म्हणतो हे कॉफीपेक्षा भारी.

शॉनाची आई आली होती बघायला, मिस लॉरेन. काठी घेऊन, गाडीतच बसून राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "मला ती खोली दिसायला लागली. खिडकी पूर्वेला आहे ना?" मी म्हटलं, पूर्वेलाच. मार्था त्या खिडकीत सकाळी केस विंचरायची.


११ ऑक्टोबर, शनिवार

पाऊस. ताडपत्री. काम बंद. वाशांच्या आतलं लाकूड अपेक्षेपेक्षा जास्त कुजलंय, भिंतीच्या वरच्या पट्टीपर्यंत. मार्कस कुऱ्हाडीच्या दांड्याने टोचतो आणि लाकूड ओल्या केकसारखं निघतं. नवं लाकूड मागवलंय, यायला वेळ. ऑक्टोबर सरत चाललाय.


२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

आज दिवाळीचा पाडवा. ओवाळायला कोणी नाही. ताट केलं तरी, निरांजन लावलं, यांच्या फोटोसमोर फिरवलं. पाच वर्षं झाली, हात सवयीने फिरतो. नि.ने नवी शाल पाठवलीय, ती पांघरून लिहितेय. चांगली ऊबदार आहे. देवाने मुलगा दिला, त्याला शाल निवडता येते, बरं चाललंय.

रविवारचं लिहायचं राहिलं.

रविवारी सकाळी चिवडा केला, चकल्या आदल्या दिवशीच. अकराच्या सुमाराला शेजारी आवाज नाही म्हणून बघायला गेले. शॉना मार्थाच्या पुढच्या पायरीवर एकटी बसलेली. हातात वही, पण मिटलेली. लाकूड आलंय, पण मार्कसला दुसऱ्या गावी कामावर जावं लागलं, तो आता शुक्रवारी. पाहणी एकतीसला. एका आठवड्यात मागच्या भिंतीची पट्टी, वासे, छप्पर, सगळं होत नाही. ती स्वतः रोज पहाटे आणि दुपारी बस चालवते, मधल्या वेळात जेवढं होतं तेवढं करते. हाताला पट्ट्या बांधलेल्या.

मी डबा उघडला. तिने चिवडा घेतला, शेंगदाणे वेचून आधी खाल्ले, मार्थासारखेच. मग म्हणाली, "मी सोमवारी अँजेलाला फोन करणार होते. मुदत वाढवून मागायला. पण मला वाटतं ते देणार नाहीत."

"का?"

"अँजेलाने मागेच खरं सांगितलं, मिस शोबा. वाईट वाटून घेऊ नका. समितीला दोन कागद दिसतात. एक माझा, अर्धवट. एक तुमचा, पूर्ण, सगळं जागच्या जागी. मुदत वाढवायची तर त्यांना कारण लागतं. तुमचा अर्ज फाइलमध्ये असेपर्यंत घर पाडायचं मशीन आणणं सोपं आहे."

मग ती चटकन म्हणाली, "तुम्ही काही करा म्हणून नाही सांगत. तुमचा हक्क आहे. उलट झालं तर जागा चांगल्या हातात जाईल, एवढं समाधान. तुम्ही तिथे काय लावाल?"

मी म्हटलं, "मेथी. भेंडी. दोडका."

"दोडका म्हणजे काय?"

सांगितलं. वेलीवर लटकतो, शिरा असतात, वाळला की अंग घासायला होतो. ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी असताना. "तुम्ही अंग घासायची वस्तू खाता?"

"कोवळी असताना खातो. तू आधी जेव. मग बघू."

ती घरी जेवायला आली. वरण-भात, तूप, लिंबू. दोनदा भात घेतला. यांच्या खुर्चीवर बसली, मी सांगितलं नाही कोणाची खुर्ची. जेवण झाल्यावर ताट उचलून धुतलं, न विचारता, आणि परत कामाला गेली. चारपर्यंत हातोडीचा आवाज येत होता, थांबत थांबत, एकटीचा. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते. घराच्या जागी त्या दिवशी भेंडी दिसली नाही. फक्त घर दिसलं, मागून उघडं, त्यात एक बाई.

यांचा कागद काढला, तो वाफ्याचा. बराच वेळ बघितला. पेन्सिलीची रेघ कुठे कुठे पुसट झालीय. परत घडी करून डब्यात ठेवला. यांना मी विचारलं नाही. हे कधीच माझ्या शब्दाबाहेर गेले नव्हते, आता काय जाणार.

समिती काय करेल, मला माहीत नाही. मुदत देईल किंवा नाही देणार. बर्फ लवकर येईल किंवा उशिरा. नि.ला अजून सांगितलं नाही, तो चिडेल, मग ईशा त्याला समजावेल.

दुसऱ्या दिवशी सोमवार, नरकचतुर्दशी. पहाटे उटणं लावून अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, नऊला पाच कमी असताना कौंटीच्या इमारतीत पोचले, तिसऱ्या मजल्यावर गेले आणि माझा अर्ज मागे घेतला.